लहान देशाने बलाढ्य शेजाऱ्याची भीती बाळगावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थेट उत्तर काय? घाबरावे की घाबरू नये?

घाबरावे, पण शेजारी मोठा आहे एवढ्याच कारणाने नव्हे. आपली कोणती दोरी त्याच्या हातात आहे, हे पाहून घाबरावे. पाणी, वीज, इंधन, समुद्राकडे जाणारा एकमेव रस्ता, कर्ज किंवा आपल्याच समाजातला एखादा दुखावलेला गट, यांपैकी ज्या गोष्टीवर आपला ताबा नाही आणि शेजाऱ्याचा पूर्ण ताबा आहे, तिथे धोका असतो. सीमेवर रणगाडे येण्याचा प्रसंग एखाद्या देशावर शतकातून एकदा येतो, कित्येकांवर येतही नाही. दोरी ओढली जाण्याचा प्रसंग मात्र दर काही वर्षांनी येऊ शकतो. म्हणूनच पुढील उत्तरांत सैन्याइतकेच या दोऱ्यांबद्दलही लिहिले आहे.

'लहान' म्हणजे नेमके किती लहान?

याचे मोजमाप शेजाऱ्याच्या तुलनेतच करता येते. फिनलंडचे क्षेत्रफळ ३ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे युरोपच्या मानाने तो मोठाच देश. परंतु लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि शेजारी रशिया, त्यामुळे या चर्चेत तो लहान ठरतो. स्वतःच्या बळावर दीर्घ युद्ध जिंकण्याची शक्यता ज्याला गृहीत धरता येत नाही, तो लहान देश, एवढी व्याख्या इथे पुरेशी आहे.

शेजाऱ्याची ताकद पाहावी की त्याचा हेतू?

दोन्ही पाहावे, पण दोन्हींचा बदलण्याचा वेग वेगळा असतो हे विसरू नये. सैन्य उभे करायला वर्षे लागतात, हेतू मात्र एका माणसाच्या मनात एका रात्रीत पालटू शकतो. डेन्मार्कने ३१ मे १९३९ रोजी जर्मनीशी अनाक्रमणाचा करार केला आणि ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये होत्या. करार करणे ही चूक होती असे नाही. करारालाच संरक्षण समजणे ही चूक होती.

तरीही केवळ ताकद मोजत बसलो तर जगातल्या प्रत्येक लहान देशाला कायम धास्तीतच राहावे लागेल, आणि प्रत्यक्षात तसे होत नाही. लक्झेंबर्गवर जर्मनीने १९१४ मध्ये ताबा मिळवला आणि १९४० मध्ये पुन्हा मिळवला. आजही त्याचे शेजारी तेच आहेत आणि त्यांची ताकद पूर्वीपेक्षा कमी नाही, पण आज तिथे कोणी सीमेकडे डोळे लावून बसत नाही. १९५१ च्या पॅरिस तहाने कोळसा आणि पोलाद यांचा कारभार सहा देशांनी एकत्रित केला, त्यानंतर बाजारपेठ, कायदे आणि शेवटी चलनही एक झाले. म्हणून माझ्या मते ताकद आणि हेतू यांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे: शेजारी राष्ट्राच्या सत्ताधाऱ्याला अडवू शकेल असे त्याच्या स्वतःच्या घरात कोणी आहे का? स्वतंत्र संसद, न्यायालय, वृत्तपत्रे, मतदार, यांपैकी काहीच नसेल, तर त्या देशाचा हेतू म्हणजे एका माणसाची लहर असते.

धोका जवळ येत आहे हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे?

पहिले लक्षण भाषेत दिसते. शेजारी देशाचे सत्ताधारी तुमच्या धोरणावर टीका करतात तोवर ते नेहमीचे राजकारण असते, परंतु तुमचा देश हा मुळात देशच नाही, तो इतिहासाच्या अपघाताने आपल्यापासून तुटलेला तुकडा आहे, असे जेव्हा ते बोलू लागतात, तेव्हा ते शब्द गांभीर्याने घ्यावेत. कुवेत १९६१ मध्ये स्वतंत्र झाला आणि लगेच इराकने त्यावर हक्क सांगितला. त्या वेळी आधी ब्रिटिश आणि मग अरब लीगच्या फौजा आल्यामुळे प्रसंग टळला. तोच दावा २९ वर्षांनी रणगाड्यांसह परत आला.

दुसरे लक्षण म्हणजे तुमच्या नागरिकांचा 'कैवार' घेतला जाणे. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सीमाभागातील जर्मनभाषक नागरिकांच्या, म्हणजे सुडेटन जर्मनांच्या, तक्रारी हे जर्मनीचे निमित्त होते. जॉर्जियाच्या अब्खाझिया आणि दक्षिण ओसेतिया या प्रदेशांत रशियाने २००८ च्या युद्धापूर्वीच मोठ्या प्रमाणावर स्वतःचे पासपोर्ट वाटले होते, आणि नंतर 'आपल्या नागरिकांचे रक्षण' हे हस्तक्षेपाचे कारण सांगितले गेले.

तिसरे लक्षण म्हणजे ठरल्या दिवशी न संपणारा लष्करी सराव. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलारूसमधील संयुक्त सराव २० तारखेला संपायचा होता, तो लांबवण्यात आला आणि २४ तारखेला युक्रेनवर आक्रमण झाले. यांपैकी एकटे लक्षण पुरावा ठरत नाही, पण तिन्ही एकत्र दिसू लागली तर 'हा केवळ दबाव आहे' असे मानून स्वस्थ बसणे फार महागात पडते. जुलै १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतच्या सीमेवर जमत असताना, हे सारे तेलाच्या भावासाठी चालले आहे, असेच अनेक जाणकार समजत होते.

शेवटी 'बळी तो कान पिळी' हेच खरे असेल, तर लहान देशाने तयारी तरी कशाला करायची?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९३९ च्या हिवाळ्याने दिले आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी केलेल्या कराराच्या गुप्त भागात पूर्व युरोपची वाटणी झाली होती. त्या आधारावर सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांच्याकडे लष्करी तळ मागितले. तिन्ही देशांनी सप्टेंबरच्या अखेरीपासून १० ऑक्टोबरपर्यंत 'परस्पर साहाय्याच्या' करारांवर सह्या केल्या. थोडे देऊन बाकीचे वाचेल, हा त्यामागचा हिशेब होता. जून १९४० मध्ये निर्वाणीचे खलिते आले, फौजा आत शिरल्या, ऑगस्टमध्ये तिन्ही देश सोव्हिएत संघात विलीन करण्यात आले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये हजारो कुटुंबांना मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे धाडण्यात आले. स्वातंत्र्य परत मिळायला १९९१ उजाडावे लागले.

फिनलंडकडेही त्याच शरद ऋतूत मागण्या आल्या. लेनिनग्राडजवळची सीमा मागे घ्या, फिनलंडच्या आखातातील काही बेटे द्या, हान्को येथे तळ भाड्याने द्या, आणि मोबदल्यात पूर्व कॅरेलियातला जवळजवळ दुप्पट प्रदेश घ्या. फिनलंडने नकार दिला. ३० नोव्हेंबरला आक्रमण झाले आणि दुसऱ्याच दिवशी सीमेलगतच्या गावात एक कळसूत्री 'फिनिश सरकार' उभे करण्यात आले. केवळ सीमा सरकवणे एवढाच उद्देश नव्हता, हे त्या एका गोष्टीवरून उघड होते. सुमारे ३७ लाख लोकसंख्येच्या या देशाने १०५ दिवस लढा दिला, सुमारे २५,००० माणसे गमावली आणि शेवटी मार्च १९४० मध्ये तह करून प्रदेशाचा जवळपास दहावा हिस्सा सोडला. चार लाखांहून अधिक लोकांनी कॅरेलियातली घरे सोडली आणि उरलेल्या देशात त्यांचे पुनर्वसन करावे लागले.

हा विजय नव्हे. पण सोव्हिएत संघाचे एक लाखाहून अधिक सैनिक मेले, ते कळसूत्री सरकार मुकाट्याने गुंडाळले गेले, आणि फिनलंडची संसद एक दिवसही परक्या हुकमाखाली गेली नाही. कान पिळला गेला, हे खरे. मान मात्र वाचली.

म्हणजे बाल्टिक देश भित्रे आणि फिनलंड शूर, असा निष्कर्ष काढायचा का?

तसा निष्कर्ष अन्यायाचा ठरेल. बाल्टिक देशांची भूमी सपाट आहे, फिनलंडकडे जंगले, सरोवरे आणि त्या वर्षीची कडाक्याची थंडी होती. शिवाय फिनलंडची पुढची वाटचालही निष्कलंक नाही. १९४१ ते १९४४ या काळात तो देश नाझी जर्मनीच्या बरोबरीने लढला आणि त्याची किंमत म्हणून त्याला ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई वस्तुरूपाने द्यावी लागली, जी त्याने १९५२ पर्यंत फेडली. मला या तुलनेतून एवढेच दिसते की पहिली सवलत देताना, पुढची मागणी आल्यावर नाही म्हणण्याचे बळ आपल्याकडे उरेल का, हे तपासावे लागते. परक्या सैन्याचा तळ आत आला की ते बळ संपते.

मोठ्या शेजाऱ्याच्या कलाने वागणे म्हणजे गुलामीच नव्हे का?

अशा वागण्याला 'फिनलंडीकरण' म्हणतात. हा शब्द हेटाळणीनेच वापरला जातो आणि ती हेटाळणी पूर्णपणे निराधार नाही. सोव्हिएत संघाशी झालेल्या ६ एप्रिल १९४८ च्या मैत्री करारानंतर फिनलंडने मार्शल योजनेची, म्हणजे महायुद्धानंतर युरोप सावरण्यासाठी अमेरिकेने देऊ केलेली, मदत न घेण्याची भूमिका पुढे चालू ठेवली, सोव्हिएत संघाविषयी तिथली वृत्तपत्रे जपून लिहीत राहिली, आणि मॉस्कोशी जुळवून घेणारे राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन १९५६ पासून १९८२ पर्यंत पदावर राहिले. इतकी वर्षे एकच माणूस सर्वोच्च पदावर असणे लोकशाहीला पोषक नव्हते आणि सत्य गिळून बसण्याची सवय समाजाला काही काळ लागली, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. त्याच काळात तिथे नियमित निवडणुका होत राहिल्या, बाजारपेठ खुली राहिली, १९५६ मध्ये राजधानी हेलसिंकीजवळचा पोर्क्कलाचा सोव्हिएत तळ परत मिळाला, १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाशी व्यापार करार झाला, आणि मुख्य म्हणजे पुरुषांची सक्तीची लष्करी सेवा एकदाही बंद झाली नाही. ओठांवर नम्रता आणि गोदामात तयारी, अशी ती चार दशके होती. शेजाऱ्याचा मान राखताना आपण काय बोलत नाही, याची यादी लांबली तरी एक वेळ चालेल. आपण काय करू शकत नाही, ही यादी लांबता कामा नये. गुलामी सुरू होते ती तिथून, असे मला वाटते.

तटस्थ राहणे सुरक्षित नाही का?

तटस्थतेला शस्त्रांची आणि भूगोलाची साथ असेल तर ती टिकते. बेल्जियमच्या तटस्थतेला १८३९ च्या लंडन तहाने महासत्तांची हमी होती, पण ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन फौजा आत आल्या, कारण फ्रान्सकडे जाण्याचा सोयीचा रस्ता बेल्जियममधून होता. नॉर्वे आणि नेदरलँड्स १९४० मध्ये तटस्थच होते. स्वित्झर्लंड वाचला, त्याला आल्प्सच्या डोंगरांतली तटबंदी कारणीभूत होती, सर्व पुरुषांचे लष्करी प्रशिक्षण कारणीभूत होते, आणि जर्मनीशी चालू ठेवलेला व्यापारही कारणीभूत होता; शेवटचे कारण स्विस लोकांना आजही बोचते.

मग लष्करी आघाडीत सामील व्हावे का?

आघाडीमुळे धाक वाढतो, हे खरे आहे. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया २००४ मध्ये नाटोत गेले. त्यानंतर एस्टोनियावर २००७ मध्ये मोठे सायबर हल्ले झाले, पण सीमा ओलांडून सैन्य आलेले नाही. दशकानुदशके बाहेर राहिलेला फिनलंडही ४ एप्रिल २०२३ रोजी सदस्य झाला आणि रशियालगतची नाटोची सीमा सुमारे १,३४० किलोमीटरनी वाढली.

सर्वांत नाजूक काळ असतो तो आश्वासन आणि प्रत्यक्ष सदस्यत्व यांच्या मधला. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने जॉर्जिया आणि युक्रेन यांना 'तुम्ही कधीतरी सदस्य व्हाल' असे सांगितले, तारीख मात्र दिली नाही. शेजाऱ्याला चिडवायला ते पुरेसे होते, संरक्षण द्यायला पुरेसे नव्हते. चारच महिन्यांत जॉर्जियात युद्ध झाले. युद्धाची इतर कारणेही होती, परंतु असे अर्धवट आश्वासन स्वीकारणे हा लहान देशासाठी सर्वांत वाईट सौदा असतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शिवाय मित्रही स्वतःचे हित पाहतात. चेकोस्लोव्हाकियाचा फ्रान्सशी करार होता, सैन्य चांगले होते, सीमेवर तटबंदी होती, तरी ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकमध्ये त्याचा प्रदेश त्याला खोलीबाहेर ठेवून जर्मनीला देऊन टाकण्यात आला.

सैन्यच नसलेला देश तग धरू शकतो का?

क्वचित, आणि विशिष्ट परिस्थितीतच. कोस्टारिकाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केले. १९५५ मध्ये निकाराग्वाच्या पाठबळाने आत शिरलेल्या बंडखोरांना आवरताना अमेरिकी राष्ट्रांची संघटना मध्ये पडली, आणि २०१० मध्ये सीमेवरच्या एका दलदलीच्या प्रदेशात निकाराग्वाचे सैनिक आले तेव्हा कोस्टारिका आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २०१५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, २०१८ मध्ये ३,७८,८९० डॉलरची भरपाई ठरली आणि निकाराग्वाने ती भरलीही. निकाराग्वा कोस्टारिकाहून बलवान असला तरी महासत्ता नाही, हे इथे लक्षात ठेवावे.

आइसलंडची कथा अधिक विलक्षण आहे. सैन्य नाही, १९७५ मध्ये लोकसंख्या सुमारे २ लाख २० हजार, आणि वाद ब्रिटनशी. मासेमारीची हद्द ५० वरून २०० सागरी मैलांवर नेल्यावर ब्रिटनने आपल्या मच्छीमार जहाजांच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या. आइसलंडच्या तटरक्षक दलाची मोजकी जहाजे त्यांच्यामधून वाट काढत जाळ्यांचे दोर कापत राहिली. आइसलंडने फेब्रुवारी १९७६ मध्ये ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, आणि जूनमध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द मान्य केली. रहस्य आइसलंडमधल्याच केफ्लाविकच्या नाटो तळात होते. तो तळ बंद होणे कोणत्याच पाश्चात्त्य देशाला परवडणारे नव्हते. दोरी कधी कधी लहान देशाच्याही हातात असते, ती ओळखता मात्र यावी लागते.

आर्थिक कोंडी किती धोकादायक असते?

माझ्या मते हा आजचा मुख्य धोका आहे. लेसोथो हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. जानेवारी १९८६ मध्ये तेव्हाच्या वर्णद्वेषी राजवटीने सीमा आवळली आणि त्याच महिन्यात लेसोथोचे सरकार लष्करी उठावात कोसळले. बाहेरून एकही फौज आत शिरावी लागली नाही.

कतारवर ५ जून २०१७ रोजी अशीच वेळ आली. त्याची जमिनीवरची एकमेव सीमा सौदी अरेबियाशी आहे, ती बंद झाली आणि १३ मागण्यांची यादी हाती ठेवण्यात आली. परंतु कतारकडे स्वतःचा नैसर्गिक वायू होता, खोल खिसा होता, तुर्कस्तान आणि इराणकडून येणारा माल होता. मागण्या मान्य न करता त्याने साडेतीन वर्षे काढली आणि जानेवारी २०२१ मध्ये सीमा उघडली.

शहाणपण हे की कोंडी होण्याआधीच पर्याय उभा करावा. सिंगापूर मलेशियाच्या जोहोरमधून पाणी घेतो, तो करार २०६१ मध्ये संपतो. त्यासाठी सिंगापूरने २००३ पासूनच सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले आणि समुद्राचे पाणीही गोडे केले. लिथुआनियाने २०१४ मध्ये द्रवरूप वायूचे तरंगते केंद्र क्लाइपेडा बंदरात आणले. तिन्ही बाल्टिक देशांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाशी जोडलेले वीजजाळे तोडून युरोपशी जोडले. दोरी कापायला स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय कायदा मदतीला येतात का?

कधी येतात, कधी येत नाहीत, आणि हा फरक बहुधा न्यायाने ठरत नाही. पूर्व तिमोरवर इंडोनेशियाने ७ डिसेंबर १९७५ रोजी आक्रमण केले. सुरक्षा परिषदेने त्याच महिन्यात माघारीचा ठराव केला. माघार १९९९ मध्ये झाली. कुवेतवर २ ऑगस्ट १९९० रोजी आक्रमण झाले, ठराव त्याच दिवशी झाला आणि सात महिन्यांच्या आत देश मुक्त झाला. दोन्ही ठरावांमागचा कायदा एकच होता, कुवेतखाली तेल होते आणि शेजारी सौदी अरेबिया होता. आक्रमकाकडेच नकाराधिकार असेल तर ठरावही होत नाही, जसा २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या नकाराधिकारामुळे युक्रेनबाबत झाला नाही.

तरीही कायदा सोडून देऊ नये. बांगलादेशाने बंगालच्या उपसागरातील हद्दीचा भारताशी असलेला वाद लवादाकडे नेला. जुलै २०१४ मध्ये वादातील २५,६०२ पैकी १९,४६७ चौरस किलोमीटर क्षेत्र बांगलादेशाला मिळाले आणि भारताने तो निकाल स्वीकारला. पूर्व तिमोरचा तो कागदी ठरावही चोवीस वर्षे जिवंत राहिला, म्हणूनच त्या प्रदेशाचे विलीनीकरण बहुतेक जगाने कधी मान्य केले नाही.

भीतीचाच अतिरेक झाला तर?

तोही होतो. आपण बचावासाठी घेतलेले शस्त्र शेजाऱ्याला हल्ल्याची तयारी वाटू शकते, आणि देशांतर्गत विरोधकांना 'शेजाऱ्याचे हस्तक' ठरवणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. शेजाऱ्याची भाषा बोलणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना संशयिताची वागणूक दिली की परक्यांना हवी असलेली फट आपणच पाडतो. एस्टोनियात रशियन समाजाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. त्यांना शाळा, नोकरी आणि नागरिकत्व कसे मिळते, हा तिथे संरक्षणाचाच प्रश्न आहे.

मोठ्या देशाने काय केले तर लहान शेजाऱ्याची भीती कमी होते?

असमान करार स्वतःहून बदलल्याने ती कमी होते. भूतानने परराष्ट्र संबंधांत भारताच्या सल्ल्यानुसार चालावे, असे कलम १९४९ च्या करारात होते. २००७ च्या नव्या करारातून ते काढण्यात आले आणि त्याने भारताचे काही बिघडले नाही. उलट २०१५ मध्ये नेपाळमध्ये नवी राज्यघटना लागू झाल्यावर सीमेवरून होणारा पुरवठा काही महिने खोळंबला. भारताने आपण नाकेबंदी केल्याचे नाकारले, पण नेपाळी जनतेच्या मनात दोष भारतावरच राहिला, आणि मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला.

रक्त सांडल्यावरही असे दोन शेजारी पुन्हा नीट नांदू शकतात का?

नांदू शकतात, पण त्यासाठी दोन्हीकडे खंबीरपणा आणि सभ्यता एकाच वेळी असावी लागते. १० मार्च १९६५ रोजी इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी सिंगापुरातल्या एका इमारतीत बॉम्ब ठेवला आणि त्यात तीन माणसे मेली. सिंगापूर तेव्हा मलेशियाचा भाग होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो स्वतंत्र झाला. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांनी दयेची विनंती करूनही १९६८ मध्ये दोघांना फाशी देण्यात आली. संतप्त जमावाने जकार्तामधील सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस केली. अवघ्या तीन वर्षांच्या त्या देशाने निर्णय बदलला नाही. मे १९७३ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू जकार्ताला गेले तेव्हा त्यांनी त्या दोन्ही नौसैनिकांच्या कबरींवर फुले वाहिली, आणि त्याच महिन्यात दोन्ही देशांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीतील आपल्या सागरी सीमेच्या तहावर सह्या केल्या.